करुणासागराचे हातउसने

गरजवंताला दान देणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्याची मान खाली न जाऊ देता त्याच्या हाती चार पैसे ठेवणारा विरळा. हातउसने ही तशी लहानशी गोष्ट. तिला कागद नसतो, व्याज नसते, साक्षीदार नसतो. असतो तो केवळ विश्वास. हा विश्वास ज्यांनी जन्मभर दिला, घेतला आणि झीज सोसूनही पाळला, त्यांत पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे नाव अग्रभागी आहे.

२६ सप्टेंबर १८२० रोजी बंगालमधील वीरसिंह या खेड्यात एका निर्धन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील ठाकुरदास कोवळ्या वयातच नोकरीच्या शोधार्थ कलकत्त्यास गेले होते. भूक असह्य होऊन एकदा ते आपली पितळी थाळी आणि लोटा विकावयास निघाले. पण अनोळखी पोराकडून भांडी घेण्यास कोणी धजेना. अशाच दुसऱ्या एका उपवासाच्या दिवशी मुरमुरे विकणाऱ्या एका विधवेने त्यांचे सुकलेले तोंड ओळखले. शेजारून दही आणून तिने त्यांना पोटभर खाऊ घातले, आणि पुन्हा उपाशी राहण्याची वेळ आली तर आपल्याकडेच येण्यास बजावले. वडिलांची ही कथा ईश्वरचंद्र कधीही विसरले नाहीत.

१८४७ मध्ये त्यांनी संस्कृत कॉलेजातील नोकरी सोडली. त्याच सुमारास मदनमोहन तर्कालंकार या मित्रासह त्यांनी छापखाना काढण्याचे ठरविले. पण गाठीस पैसा नव्हता. एका स्नेह्याने ६०० रुपये उसने दिले. त्या छापखान्यात भारतचंद्रांचे ‘अन्नदामंगल’ छापून निघाले. फोर्ट विल्यम कॉलेजने त्याच्या १०० प्रती प्रत्येकी ६ रुपयांस घेतल्या आणि त्या रकमेतून ऋण फिटले. पुढे १८५५ मध्ये त्यांचे ‘वर्णपरिचय’ प्रसिद्ध झाले व बंगालची मुले त्यावर अक्षरे गिरवू लागली. ग्रंथांपासून चांगली प्राप्ती होऊ लागली. तरी आपले स्थैर्य एका मित्राच्या विश्वासावर उभे राहिले, याचा त्यांना विसर पडला नाही.

त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वाटेत एका मुलाने त्यांच्याकडे एक पैसा मागितला. अधिक मिळाल्यास तू काय करशील, अशी त्यांनी विचारपूस केली. थोडे पोटास लावून उरलेल्यातून काही विकीन, असे मुलाने सांगताच त्यांनी त्याच्या हाती रुपया ठेवला. काही वर्षांनी एका दुकानदाराने त्यांना वाटेत थांबवून नमस्कार केला. तो तोच मुलगा होता. भिकेचा पैसा दिवस मावळेपर्यंत सरला असता. भांडवलाच्या रुपयाने जन्म सावरला.

परंतु विश्वासाची खरी कसोटी पुढेच होती. १८६४ मध्ये कवी मायकेल मधुसूदन दत्त फ्रान्समध्ये कर्जबाजारी होऊन पडले. घरच्या मालमत्तेचे येणे थांबले होते आणि तुरुंगाचे भय समोर होते. विद्यासागरांपाशी तेव्हा शिल्लक नव्हती. त्यांनी स्वतःच्या शब्दावर इतरांकडून पैसे उचलले व प्रथम १५०० रुपये पाठविले. पुढेही पाठवीत राहिले. १८६७ मध्ये कवी बॅरिस्टर होऊन परतले, पण त्यांचा खर्चिक स्वभाव काही सुटला नाही. धनकोंचा तगादा विद्यासागरांच्या दारी आला. त्यांनी मित्राला त्याच्या कर्तव्याची स्पष्ट आठवण दिली. कारण एकाची फेड राहिली की दुसऱ्या गरजवंतासाठी टाकलेला शब्दही हलका होतो, हे ते जाणून होते.

विधवाविवाहाच्या कार्यातही हेच घडले. १८५६ मध्ये कायदा झाला, विवाह होऊ लागले. पण साहाय्याची वचने देणारे अनेकजण मागे सरले. खर्चाचा भार विद्यासागरांनी कर्ज काढून स्वतः वाहिला. ते ऋण फेडण्यासाठी वर्गणी जमविण्याची सूचना पुढे आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. इतरांना मोकळ्या हाताने देणारा हा पुरुष स्वतःच्या देण्याबाबत मात्र कठोर होता. छापखान्यातील हिस्सादेखील त्यांनी विकला.

उत्तरायुष्यात ते संथाळांच्या वस्तीजवळ कर्माटार येथे राहत. सकाळी संथाळ मक्याची कणसे घेऊन येत आणि विद्यासागर ती त्यांनी सांगितलेल्या भावाने विकत घेत. सायंकाळी कामावरून परतलेले भुकेले संथाळ त्यांच्याकडेच खावयास मागत, तेव्हा तीच कणसे त्यांच्या हाती पडत. सकाळी कष्टाचे मोल आणि सायंकाळी मायेचा घास, दोन्ही एकाच दारी मिळत.

२९ जुलै १८९१ रोजी त्यांनी देह ठेवला. लोकांनी त्यांना दयेचा सागर म्हटले, ते यथार्थच होते. पण ती दया आंधळी नव्हती. देताना घेणाऱ्याचा मान आणि घेतल्यावर देणाऱ्याचा विश्वास, या दोहोंची तिने जपणूक केली. ज्याच्यापाशी थोडेच आहे, त्यालाही हा मार्ग मोकळा आहे. कारण हातउसन्याला मोठी तिजोरी लागत नाही, मोठे मन लागते.