फ्रँकलिन आणि त्यांचे घर

गडगडाटात पतंग उडवून वीज जोखणारे बेंजामिन फ्रँकलिन आपण सर्व भगिनींना मुलांच्या पुस्तकांतून ठाऊक आहेत. अमेरिका स्वतंत्र करण्यातही त्यांचा मोठा वाटा. पण त्यांचे चरित्र वाचताना माझे लक्ष सारखे त्यांच्या घराकडे जाई.

ते १७०६ साली बोस्टनला जन्मले. वडील साबण-मेणबत्त्या करीत; मुले सतरा, तेव्हा शाळा दोनच वर्षे. सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियास गेले, छापखाना काढला, आणि १७३० साली डेबोरा रीड हिच्याशी संसार मांडला. त्यांना बाहेरचा एक मुलगा होता, विल्यम. तोही तिनेच वाढवला. तिच्या पोटचा फ्रान्सिस १७३६ साली, चार वर्षांचा असताना, देवीने गेला. त्याला टोचून घेतले नाही ही हळहळ बापाला जन्मभर राहिली. पुढे १७४३ साली सॅली झाली.

डेबोराबाई दुकान पाही, छापलेली पत्रके शिवी, कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घेई. त्यांच्या भरभराटीत तिचे हे कष्ट होते. १७५७ साली ते कामासाठी लंडनला गेले. तिला समुद्राची धास्ती, म्हणून ती मागे राहिली. पाच वर्षांनी परतले, ते १७६४ साली पुन्हा गेले. १७६५ साली स्टॅम्पच्या करावरून लोक खवळले, घरावर चालून येणार अशी आवई उठली. तिने मुलीला दुसरीकडे धाडले आणि स्वतः नातलगांसह बंदुका भरून घरात बसून राहिली! १७६९ साली तिला पक्षाघात झाला. पत्रांतून ती बोलावीत होती. त्यांचे येणे लांबतच गेले. डिसेंबर १७७४ मध्ये ती वारली, आणि ते आले मे १७७५ मध्ये. राजकारण मोठे खरे, पण हे मला पटत नाही.

१७७६ साली त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. विल्यम मात्र न्यू जर्सीचा गव्हर्नर, राजाच्या बाजूचा. त्याच वर्षी तो कैदेत पडला. बापलेकांत समेट असा झालाच नाही. मृत्युपत्रात त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नाही.

सॅली आईच्या वळणावर गेली. १७८० साली फिलाडेल्फियाच्या बायकांनी वर्गणी जमवून शिपायांसाठी दोन हजारांवर सदरे शिवले, त्या कामात ती पुढे होती. प्रत्येक सदऱ्यावर शिवणारीचे नाव होते.

फ्रँकलिन १७९० साली वारले. त्यांना डेबोराबाईच्या शेजारीच पुरले. छोटा फ्रान्सिसही तिथेच आहे.