धुक्यातील गोरिलांची पाठराखीण डायन फॉसी

मूळच्या व्यवसायोपचारतज्ज्ञ असलेल्या अमेरिकी संशोधिका डायन फॉसी यांनी २४ सप्टेंबर १९६७ रोजी रवांडातील विरुंगा पर्वतराजीत कारिसोके संशोधन केंद्र स्थापन केले. कारिसिम्बी व विसोके या ज्वालामुखी शिखरांवरून त्याचे नाव पडले. गोरिलांचे आवाज व हावभाव यांची नक्कल करीत त्यांनी या बुजऱ्या प्राण्यांचा विश्वास संपादन केला. बॉब कॅम्पबेल यांनी टिपलेल्या चित्रफितींमुळे गोरिला म्हणजे हिंस्र पशू हा समज बराच ओसरला.

३१ डिसेंबर १९७७ रोजी फॉसी यांच्या लाडक्या डिजिट या नराला शिकाऱ्यांनी ठार केले. त्याचे शीर व हातही तोडून नेले. काही दिवसांतच डेव्हिड ॲटनबरो यांचे पथक 'लाइफ ऑन अर्थ' या बीबीसी मालिकेच्या चित्रीकरणासाठी तेथे पोहोचले. १९७९ मध्ये जगभर गाजलेल्या त्या सुखद दृश्यांमागे या मृत्यूची छाया होती.

फॉसी यांनी डिजिटच्या नावे निधी उभारला. शिकाऱ्यांशी त्यांचे वर्तन मात्र कठोर, काही वेळा क्रूरही होते. २६ डिसेंबर १९८५ च्या रात्री राहत्या झोपडीत त्यांची हत्या झाली. २०१७ मधील 'सीक्रेट्स इन द मिस्ट' या नॅशनल जिऑग्राफिकच्या माहितीपटाने त्या खुनाचे गूढ पुन्हा चर्चेत आणले. कारिसोके येथे डिजिटशेजारीच फॉसी यांचे दफन करण्यात आले.