सोळा डॉलरांचे ऋण

उन्हाळ्याच्या सुटीचा विचार आपण सहसा खात्यापित्या घरांच्या बाजूनेच करीत असतो. आजोळ, आंबे आणि अलीकडे निघालेले छंदवर्ग यांच्याभोवतीच ती कल्पना घोटाळत राहते. परंतु ज्या मुलाला जूनमध्ये भरावयाच्या शुल्काची तजवीज स्वतःच करावयाची असते, त्याच्या लेखी ही सुटी म्हणजे वर्षातील सर्वांत कष्टाचा काळ होय. लग्नसराईत पंगती वाढणारी, रसवंतीगृहात पेले विसळणारी, रोजगार हमीच्या कामावर माती उपसणारी मुले आपल्या सर्वांच्या पाहण्यात असतात. त्या दोन महिन्यांत ती काय शिकतात याची नोंद मात्र कोणत्याच गुणपत्रिकेत होत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे एकेकाळचे सर्वांत प्रभावी नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या चरित्रात ती नोंद सापडते. म्हणूनच त्यांच्या कीर्तीच्या काळापेक्षा विद्यार्थिदशेतील उन्हाळ्यांकडे प्रथम वळणे अधिक उद्‌बोधक ठरावे.

वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ च्या सुमारास व्हर्जिनिया राज्यातील एका मळ्यावर गुलामाच्या झोपडीत झाला. आई मळ्यावरची स्वयंपाकीण. पिता कोणी गौरवर्णीय, ज्याचे नावही मुलाला कधी कळले नाही. १८६५ साली यादवी युद्ध संपले, गुलामी सुटली आणि हे कुटुंब डोंगर ओलांडून पश्चिम व्हर्जिनियातील माल्डन गावी मिठाच्या भट्ट्यांवर कामाला आले. पिंपात मीठ भरता भरता, त्या पिंपांवर सावत्र वडिलांच्या नावे घातला जाणारा अठरा हा आकडा बुकर ओळखू लागला. त्याच्या अक्षरज्ञानाचा श्रीगणेशा तो हाच. पुढे शाळा निघाली, तेव्हा पहाटेपासून नऊपर्यंत भट्टीवर राबून मग शाळेत जाण्याची सवलत त्याला मिळाली. शाळेत नाव विचारले गेले. इतर मुलांना दोन-दोन नावे आहेत, आपल्याला एकच, हे ध्यानात येताच त्याने जागच्या जागी वॉशिंग्टन हे आडनाव धारण केले. स्वतःचे आडनाव स्वतःच निवडण्याची पाळी किती जणांवर येते?

भट्टीनंतर कोळशाची खाण आली. तेथील अंधारात दोन मजुरांचे बोलणे त्याच्या कानी पडले. दूर व्हर्जिनियात कृष्णवर्णीयांसाठी एक मोठी शाळा असून तेथे गरिबाला काम करून खर्च भागविता येतो, असा त्याचा आशय होता. हॅम्प्टन ही ती संस्था. जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांनी ती १८६८ साली सुरू केली होती. ती कोठे आहे, किती दूर आहे, यातले बुकरला काहीच ठाऊक नव्हते. पण तेथे जावयाचे हे त्याने ठरवून टाकले. त्यापूर्वी दीडेक वर्ष त्याने खाणमालकाच्या घरी, श्रीमती रफनर यांच्याकडे, घरकाम केले. या बाई कमालीच्या शिस्तीच्या. कोणी नोकर त्यांच्याकडे टिकत नसे. अंगणात कागदाचा कपटा किंवा कुंपणाची सुटलेली फळी त्यांना खपत नसे. हा मुलगा टिकला.

१८७२ च्या शरद ऋतूत, सोळाव्या वर्षी, तो निघाला. अंतर सुमारे पाचशे मैल, म्हणजे आठशे किलोमीटर. भाड्यापुरतेही पैसे नव्हते. वाटेत एका खाणावळीने कातडीचा रंग पाहून आसरा नाकारला, तेव्हा थंडीत चालत राहून त्याने ती रात्र काढली. रिचमंड शहरात पोहोचला तेव्हा हॅम्प्टन अजून ऐंशीवर मैल दूर होते आणि खिसा रिकामा झाला होता. रस्त्याकडेच्या लाकडी पदपथाखाली तो झोपला. सकाळी बंदरात लोखंड उतरविणारे जहाज दिसले. त्यावर काम मिळाले, पण चार पैसे गाठीशी राहावेत म्हणून झोपणे मात्र त्याच पदपथाखाली चालू राहिले. हॅम्प्टनच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्यापाशी अर्धा डॉलर शिल्लक होता.

अनेक दिवस अंघोळ नाही, अंगावर मळके कपडे, असा हा उमेदवार पाहून मुख्य शिक्षिका मेरी मॅकी साशंक झाल्या असल्यास नवल नाही. काही तासांनी त्यांनी त्याला एक वर्गखोली झाडावयास सांगितले. त्याने ती तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी हातरुमाल भिंतीवर, बाकांवर घासून पाहिला. धुळीचा कण निघाला नाही. प्रवेश झाला आणि पहारेकरी-झाडूवाल्याचे कामही मिळाले. श्रीमती रफनर यांच्या घरी घेतलेले शिक्षण येथे असे उपयोगी पडले. पलंगावर दोन चादरी असतात, हेही तो येथेच प्रथम पाहत होता. पहिल्या रात्री तो दोन्हींच्या खाली झोपला, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर. तिसऱ्या दिवशी सोबत्यांकडे पाहून एकीवर निजून दुसरी पांघरावयाची असते हे त्याला उमगले. घर सोडून दूरच्या वसतिगृहात पाऊल टाकणाऱ्या खेड्यातील मुलाला ही फजिती काही परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की आपण ती लपवितो आणि वॉशिंग्टन यांनी ती पुढे आत्मचरित्रात जशीच्या तशी सांगितली.

आणि मग १८७३ चा उन्हाळा आला. मुले घरोघरी पांगली. बुकरपाशी घरी जाण्यास पैसे नव्हते आणि संस्थेचे सोळा डॉलर देणे अंगावर होते. एक जुना कोट होता, तो विकून काही जमते का, हे त्याने पाहिले. गिऱ्हाईक आले, कोट पसंत पडला, तीन डॉलर किंमतही मान्य झाली. मात्र आता रोख पाच सेंट व बाकीचे जमेल तेव्हा, अशी त्या गृहस्थाची अट निघाली! अखेर जवळच्या मन्रो किल्ल्याच्या परिसरातील एका उपाहारगृहात त्याला काम मिळाले. हा किल्ला साधा नव्हे. १८६१ साली, यादवी युद्धाच्या आरंभी, पळून आलेल्या गुलामांना परत न धाडता प्रथम येथेच आश्रय देण्यात आला होता. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, गुलाम म्हणून जन्मलेला एक विद्यार्थी तेथे टेबले पुसत होता आणि फावल्या वेळी पुस्तक उघडत होता. योगायोग असा, की त्याच १८७३ साली इकडे पुण्यात महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना फुल्यांनी ते अर्पण केले. मुक्तीनंतरचे जिणे कसे असते, याचा धडा तिकडे हा मुलगा गिरवीत होता.

पगार जेवणखर्चाहून थोडासाच अधिक. उन्हाळा सरत आला तरी सोळा डॉलर काही जमेनात. शेवटच्या आठवड्यात एका टेबलाखाली त्याला दहा डॉलरांची कोरी नोट सापडली. जागा मालकाची, तेव्हा त्याला दाखविणे योग्य, असे समजून त्याने ती दाखविली. मालकाला अत्यानंद झाला. जागा आपली असल्याने नोटही आपलीच, असा न्याय करून त्याने ती खिशात घातली. हा आघात सोसून बुकर संस्थेचे खजिनदार जनरल मार्शल यांच्यासमोर उभा राहिला आणि आपली स्थिती त्याने आडपडदा न ठेवता सांगितली. जमेल तेव्हा फेड, आमचा तुझ्यावर विश्वास आहे, असे सांगून मार्शल यांनी त्याला पुन्हा दाखल करून घेतले. दहा डॉलर हातचे गेले. पण विश्वासावर मिळालेली ही उधारी त्याहून मोलाची होती. ती कशी, ते पुढे दिसेल.

दुसरा उन्हाळा अधिक क्रूर निघाला. भाऊ जॉन आणि आई यांनी धाडलेल्या पैशांत एका शिक्षकाने भर घातली, म्हणून या वेळी तो घरी जाऊ शकला. पण माल्डनच्या भट्ट्या थंड पडल्या होत्या, खाणीत संप होता. काम शोधत तो गावोगाव हिंडत राहिला. एके रात्री परतताना थकून घरापासून मैलभरावर एका ओसाड घरात तो आडवा झाला. पहाटे तीनच्या सुमारास जॉन त्याला शोधत तेथे आला. आई रात्रीच गेली होती. तिला सुखात ठेवता यावे यासाठीच तर शिकावयाचे होते. श्रीमती रफनर यांनी पुन्हा काम दिले म्हणून परतीचे भाडे कसेबसे जमू लागले. तेवढ्यात मेरी मॅकी यांचे पत्र आले: सत्रारंभापूर्वी दोन आठवडे ये, इमारती स्वच्छ करावयाच्या आहेत. तो गेला आणि पाहतो तो काय, उत्तरेतील प्रतिष्ठित घराण्यातली ही विदुषी त्याच्या शेजारी उभी राहून खिडक्यांची तावदाने पुसते आहे. श्रमप्रतिष्ठेवर आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ होतात. व्याख्यात्याने फडके हाती घेतल्याचे क्वचितच आढळते.

१८७५ साली पदवी मिळाली, तरी हाती पैसा नव्हताच. कनेक्टिकटमधील एका हॉटेलात त्याने वाढप्याची नोकरी धरली. काम येते असे समजून त्याला श्रीमंतांचे टेबल देण्यात आले. त्यांनी असे काही फैलावर घेतले, की तो टेबल सोडून निघूनच गेला. परिणामी ताटे वाहण्याच्या कामावर त्याची रवानगी झाली. काही आठवड्यांत वाढण्याचे काम शिकून त्याने आपली जागा परत मिळविली. त्याच हॉटेलात पुढे अनेकदा पाहुणा म्हणून उतरण्याचा योग त्यांना आला.

आपल्याकडे गरीब विद्यार्थ्यांच्या कथा वार लावून जेवण्याच्या आणि माधुकरीच्या आहेत. त्यांतील हालअपेष्टा खऱ्या होत्या, यात शंका नाही. परंतु ते दार ठोठावण्याचा अधिकारही जन्माने मिळत असे, हे विसरून चालणार नाही. ज्यांना तो नव्हता त्यांच्यापाशी फक्त दोन हात होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजले, ते याच जाणिवेतून. हॅम्प्टनची वाट आणि साताऱ्याची वाट येथे शेजारून जातात.

१८८१ साली अलाबामातील टस्कीगी गावी कृष्णवर्णीयांसाठी शिक्षक-विद्यालय चालविण्यास वॉशिंग्टन यांची निवड झाली. तेव्हा ते पंचविशीत होते. सरकारी अनुदान वर्षाला दोन हजार डॉलर, तेही केवळ पगारासाठी. जागा नाही, इमारत नाही. चार जुलै रोजी एका गळक्या झोपडीत तीस विद्यार्थ्यांनिशी शाळा भरली. जवळच एक उजाड मळा पाचशे डॉलरांना मिळत होता. निम्मे तत्काळ द्यावयाचे होते. वॉशिंग्टन यांनी पत्र लिहिले ते जनरल मार्शल यांना. संस्थेचा पैसा देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे कळवून मार्शल यांनी स्वतःच्या खिशातून अडीचशे डॉलर उसने पाठविले. सोळा डॉलरांच्या वेळी बसलेला विश्वास असा वाढत गेला होता. तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करून तेथे वर्ग भरू लागले. काही महिन्यांतच कर्ज फिटले. विटा मात्र सहजी भाजल्या गेल्या नाहीत. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरांना गहाण टाकले.

येथवर सारे स्फूर्तिदायक आहे. अडचण यापुढे सुरू होते. स्वतःच्या उन्हाळ्यांनी जे शिकविले तेच साऱ्या समाजाच्या उन्नतीचे सूत्र होय, असे वॉशिंग्टन यांनी मानले. आधी हुन्नर, मालमत्ता, सचोटी. हक्क मागाहून आपोआप येतील, हा त्यांचा विचार १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात स्पष्टपणे प्रकट झाला आणि गोऱ्या समाजाने त्याचे तोंडभरून स्वागत केले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वर्णविभक्त डब्यांना मान्यता दिली. १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामातील कृष्णवर्णीयांचा मताधिकार बहुतांशी हिरावून घेतला. १९०३ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी या धोरणावर कठोर टीका केली. मताधिकार आणि उच्च शिक्षण यांवर पाणी सोडून कोणताही समाज उभा राहत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. इतिहासाने कौल दिला तो ड्यू बॉइस यांच्या बाजूने, असे आमचे मत आहे. कोरी नोट प्रामाणिकपणे दाखवूनही ती मालकाच्याच खिशात जाते, हा अनुभव वॉशिंग्टन यांच्या गाठी होता. त्याचा अर्थ त्यांनी जाहीरपणे कधी लावला नाही. जाहीरपणे, असे म्हणावयाचे कारण असे, की त्यांच्या मृत्यूनंतर अभ्यासकांपुढे आलेल्या कागदपत्रांवरून, मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना ते गुप्तपणे पैसा पुरवीत होते, हे दिसून आले. ड्यू बॉइस यांना आणि इतर टीकाकारांना नामोहरम करण्यासाठी त्यांनी आपले वजन कसे वापरले, हेही त्याच कागदपत्रांतून कळते. मनुष्य दिसत होता तितका सरळ नव्हता. अलाबामात उभे राहून संस्था चालविणाऱ्याला तसे राहणे परवडलेही नसते.

‘एक होता कार्व्हर’ वाचलेल्या मराठी वाचकाला टस्कीगी परिचित आहे. १८९६ साली कार्व्हर यांना तेथे बोलावून आणणारे वॉशिंग्टनच. १९१५ पर्यंत संस्थेत सुमारे दीड हजार विद्यार्थी होते आणि शंभराहून अधिक इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यांतील बऱ्याचशा विद्यार्थ्यांनीच स्वतः भाजलेल्या विटांनी बांधलेल्या. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे वॉशिंग्टन यांची प्रकृती ढासळली. दिवस थोडेच उरले आहेत, हे डॉक्टरांकडून कळताच त्यांनी दक्षिणेकडची आगगाडी धरली. टस्कीगीला पोहोचल्यावर काही तासांतच, १४ नोव्हेंबर रोजी, त्यांचे निधन झाले. संस्थेच्या आवारातच त्यांना पुरण्यात आले.