आर्सचे संत जॉन मेरी व्हियान्नी

ज्युबिलीच्या मंगल वर्षी आपल्या देवळाच्या भिंती कोणी व कधी उभारिल्या, हे आपण कौतुकाने आठवितो. परंतु भिंतींच्या आत धर्मग्राम कसा उभा राहतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने फ्रान्स देशातील आर्स या खेड्याकडे दृष्टी वळवावी.

जॉन मेरी व्हियान्नी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी लिओं शहरानजीक दार्दिली येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या काळी राज्यक्रांतीने देवळे बंद पाडिली होती. १७९९ साली त्यांनी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला तो देवळात नव्हे, तर खिडक्या झाकलेल्या एका घरात. पुढे लॅटिन भाषा काही केल्या साधेना. एकुलीचे धर्मगुरू फादर बाले यांनी धीर दिला, तेव्हा कोठे १८१५ साली त्यांस गुरुदीक्षा लाभली.

१८१८ च्या फेब्रुवारीत ते आर्स येथे आले. वस्ती सुमारे २३० जणांची. रविवारी देऊळ ओस, गुत्ते मात्र भरलेले. नव्या धर्मगुरूंनी प्रथम गुडघे टेकिले. पहाटेपूर्वीच ते पवित्र साक्रामेंतासमोर असत, उकडलेल्या बटाट्यांवर निर्वाह करीत. मग त्यांनी देवळाचा घंटाघर नवा बांधिला, बाजूस लहान चॅपेले जोडिली आणि १८२४ साली गरीब मुलींकरिता प्रॉव्हिडन्स ही मोफत शाळा काढिली. हळूहळू गुत्ते बंद पडले, देऊळ भरू लागले.

पुढे दूरदूरचे यात्रेकरू वर्षास हजारोंनी येऊ लागले. दिवसाचे सोळा सोळा तास ते पापनिवेदन ऐकीत. तरीही आपण या पदास अपात्र आहोत, या विचाराने त्यांचे मन जळे. एकांतात प्रायश्चित्त करावे म्हणून १८४३ साली ते गुपचूप दार्दिलीस निघून गेले, परंतु थोड्याच दिवसांत परतले. १८५३ साली पुन्हा रात्री निघाले, तेव्हा लोकांनी वाट अडविली. ज्या गावाने आरंभी त्यांची पर्वा केली नव्हती, तेच गाव आता त्यांस सोडीना! ४ ऑगस्ट १८५९ रोजी, एकेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी तेथेच देह ठेविला.

पुढे तेथे भव्य बॅसिलिका उभारिली गेली, परंतु जुन्या देवळाचा मुख्य भाग न पाडिता नवे बांधकाम त्यास जोडिले. १९२५ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांस संतपद दिले व १९२९ साली धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते ठरविले.

प्रिय बंधुभगिनींनो, देऊळ चुन्यादगडांनी उभे राहते, धर्मग्राम मात्र झिजणाऱ्या गुडघ्यांनी. आपल्या ज्युबिलीचा हिशेब करिताना हे विसरू नये.