सर्वस्व जळाल्यानंतरचा गॅलन

इ. स. 192. रोममधला नामांकित वैद्य गॅलन तेव्हा साठी ओलांडून गेला होता. जन्म पर्गमम या शहरातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बर्गामाचा. ऐन तरुणपणी त्याने तिथल्या ग्लॅडिएटरांच्या जखमा बऱ्या केल्या. पुढे रोमला येऊन तो सम्राट मार्कस ऑरेलियस आणि त्याचा मुलगा कॉमोडस यांचा वैद्य झाला. त्याच्या शरीरशास्त्रात चुका होत्या, कारण माणसाच्या मृतदेहाऐवजी माकडे आणि डुकरे चिरून तो शिकला होता. तरीही पुढची सुमारे तेराशे वर्षे युरोपातले वैद्य त्याच्याच ग्रंथांवर शिकले.

या माणसाची आयुष्यभराची कमाई रोममधल्या एका कोठारात होती. 'पवित्र मार्ग' या रस्त्यालगतच्या या कोठारांत दारे सोडली तर लाकूड नव्हते. सरकारी दफ्तरे तिथे असल्याने सैनिकांचा पहारा असे. भाडे जास्त होते, पण जागा भरवशाची म्हणून लोक ते आनंदाने देत. जवळच मिऱ्याची कोठारे होती. त्यांतले काळे मिरे आपल्या मलबार किनाऱ्यावरून जहाजांनी जात असे.

गॅलन शहराबाहेर, कँपानियात जाणार होता. म्हणून त्याने घरातल्याही मौल्यवान वस्तू या कोठारात आणून ठेवल्या. तो तिकडे असतानाच रोममध्ये मोठी आग लागली. शांतिदेवतेचे मंदिर, कोठारे आणि पॅलाटाइन टेकडीवरची ग्रंथालये जळाली. गॅलनची सोने-चांदी आणि कर्जाचे दस्तऐवज तर गेलेच. त्याशिवाय शस्त्रक्रियेची हत्यारे, नवी हत्यारे घडवण्यासाठी स्वतः केलेले मेणाचे नमुने, दुर्मीळ दालचिनी, विषबाधेवरचे प्रसिद्ध औषध थेरियाक, वर्षानुवर्षे जमवलेले औषधांचे पाठ आणि स्वतःचे ग्रंथही खाक झाले. ग्रंथांच्या नकला तयार होत होत्या. काही कँपानियात आणि काही पर्गममला जायच्या होत्या. आणखी दोन महिने मिळाले असते तर बरेच वाचले असते.

त्याच आगीत व्याकरणाच्या एका पंडिताची पुस्तके जळाली. तो खंगत गेला आणि दुःखाने त्याचा मृत्यू झाला, असे गॅलनने नोंदवले आहे. मनाच्या दुःखाने शरीर ढासळते, हे त्या काळच्या वैद्यांनाही दिसत होते. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू काही काळ कमकुवत होऊ शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. झोप आणि भूक उडते, रक्तदाब वाढतो.

गॅलन मात्र आपल्या कामाला लागला. एवढे जाऊनही त्याला दुःख कसे होत नाही, असे त्याच्याबरोबर शिकलेल्या एका मित्राने पत्रातून विचारले. गॅलनने सविस्तर उत्तर लिहिले. हे उत्तर हरवले आहे असेच शतकानुशतके मानले जात होते. 2005 मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका मठात त्याचे हस्तलिखित सापडले.

त्यात चमत्कारिक असे काही नाही. वास्तुरचनाकार असलेल्या वडिलांनी लहानपणापासून लावलेले वळण हे पहिले कारण. दुसरे कारण म्हणजे सराव. कॉमोडसच्या जुलमी राज्यात कोणालाही केव्हाही निर्जन बेटावर धाडले जाई. म्हणून आपले सर्व काही जाऊ शकते, याची तयारी तो मनात रोज करत असे. तिसरे कारण हिशेबाचे. चारपैकी एक शेत गमावलेल्या तत्त्वज्ञाची गोष्ट तो मित्राला सांगतो. उरलेली तीन शेतेही पोटाला पुरेशी असतील, तर गेलेल्या एकासाठी झुरायचे कशाला?

त्याच पत्रात तो आपली मर्यादाही सांगतो. छळ सोसतानाही शहाणा माणूस सुखी असतो, हा तत्त्वज्ञांचा दावा त्याला मान्य नव्हता. मन मोडेल एवढी वेदना किंवा मित्रांवरची आपत्ती वाट्याला येऊ नये, अशीच त्याची इच्छा होती. म्हणजे सोसण्याला सीमा असते, हे सम्राटांच्या या वैद्याने मोकळेपणाने मान्य केले.

आज घर, दुकान, पीक किंवा जवळचे माणूस गमावलेल्याला 'मन घट्ट कर' एवढेच सांगून भागत नाही. आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो मनाचा दुबळेपणा नव्हे. अशा वेळी डॉक्टरांकडे जायलाच हवे.

त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी कॉमोडसचा खून झाला. गॅलन पुढेही अनेक वर्षे लिहीत राहिला. औषधांच्या मिश्रणांवरच्या त्याच्या ग्रंथाचे पहिले दोन भाग कोठारात जळाले होते आणि रोममध्ये त्यांची दुसरी प्रत नव्हती. ते दोन्ही भाग त्याने पुन्हा पहिल्यापासून लिहून काढले.