आकाशाचा अभ्यासक जेम्स ग्लेशर

बोट चुकून विस्तवाला लागले, तर आपण ते तत्काळ मागे घेतो. वेदना कोणालाही नकोशी वाटते. परंतु ती आपल्या देहाचा पहारेकरी आहे. हा पहारेकरीच झोपी गेला, तर केवढा अनर्थ ओढवेल! जेम्स ग्लेशर या इंग्रज शास्त्रज्ञाला असा अनुभव भूमीपासून पाच मैलांहून अधिक उंचीवर आला.

ग्लेशरचा जन्म ७ एप्रिल १८०९ रोजी लंडन येथे एका घड्याळजीच्या घरी झाला. तरुणपणी तो आयर्लंडमध्ये भूमापनाच्या कामावर होता. तेथील डोंगरमाथ्यांवर ढग त्याला वारंवार वेढून टाकीत. मग काम थांबे. पण ग्लेशरचे कुतूहल थांबत नसे. ढग कसे बनतात, उंचावरील हवा किती थंड असते, तिच्यात बाष्प किती असते, असे अनेक प्रश्न त्याच्या मनात उभे राहत. पुढे तो ग्रीनिच येथील वेधशाळेत हवामान व चुंबकत्व या विभागाचा प्रमुख झाला. परंतु जमिनीवर राहून केलेली निरीक्षणे त्याला अपुरी वाटू लागली. आकाशाचा अभ्यास करावयाचा, तर आकाशातच गेले पाहिजे, असे त्याने ठरविले.

त्या काळी विमाने नव्हती. आकाशात जाण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे वायूने भरलेले बलून. १८६२ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या साहाय्याने त्याने उड्डाणे आरंभिली. हेन्री कॉक्सवेल हा अनुभवी बलूनचालक त्याच्या सोबतीस होता. ग्लेशरचे वय तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते.

५ सप्टेंबर १८६२ रोजी दुपारी वुल्व्हरहॅम्प्टन या गावाहून दोघांचे बलून वर निघाले. पाळण्यात वायुभारमापक, उष्णतामापक इत्यादी उपकरणे आणि सहा कबुतरे होती. बलून ढगांतून बाहेर पडून झपाट्याने चढू लागले. सुमारे २९,००० फुटांवर, म्हणजे जवळजवळ एव्हरेस्ट शिखराएवढ्या उंचीवर, हवेचा दाब भूमीवरील दाबाच्या एकतृतीयांश उरला होता. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर देहाला मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी झाला होता.

ग्लेशरला उपकरणांवरील आकडे दिसेनासे झाले. मेजावर टेकलेला हात उचलावा, तर तो हलेना. दुसऱ्या हाताचीही तीच गत झाली. मान खांद्यावर कलंडली. कॉक्सवेलला हाक मारावी, तर शब्द फुटेना. मग डोळ्यांपुढे एकाएकी काळोख पसरला आणि त्याची शुद्ध हरपली.

बलून फिरत राहिल्यामुळे त्याच्या झडपेची दोरी गुंतली होती. ती उघडल्यावाचून वायू बाहेर जाणार नव्हता आणि बलून खाली येणार नव्हते. कॉक्सवेल पाळण्याबाहेर वरच्या कड्यावर चढला व त्याने दोरी सोडविली. परंतु भयंकर थंडीने त्याचे हात बधिर होऊन काळे पडले होते. तो कसाबसा खाली आला. ग्लेशरच्या चेहऱ्यावर वेदनेचे चिन्हही नव्हते. तो स्वस्थ विश्रांती घेत असावा, असेच कॉक्सवेलला प्रथम वाटले. खरा प्रकार ध्यानी आला, तेव्हा त्याची स्वतःचीही शुद्ध हरपू लागली होती. हात निकामी झालेले! तेव्हा त्याने ती दोरी दातांत धरली आणि मान खाली झुकवून ती दोनतीनदा ओढली. झडप उघडली व बलून उतरू लागले.

काही मिनिटांनी ग्लेशर शुद्धीवर आला. त्याने कॉक्सवेलच्या हातांवर ब्रँडी ओतली आणि लगेच पेन्सिल उचलून पुन्हा नोंदी करण्यास आरंभ केला! दोघेही सुखरूप उतरले. पाळण्यात उरलेल्या दोन कबुतरांपैकी एक मात्र मरण पावले होते.

असे का घडले? वेदना जाणणारा आणि धोका ओळखणारा आपला मेंदू प्राणवायूवाचून नीट काम करू शकत नाही. डोंगर चढणाऱ्याचे बहुधा डोके दुखते, त्याला मळमळते. देह त्याला सूचना देत असतो. पण बलूनसारखे झपाट्याने फार उंच गेले, की ही सूचना मिळण्यापूर्वीच बुद्धी मंदावते. माणसाला आपण ठीक आहोत असे वाटत असते आणि मृत्यू जवळ आलेला असतो. १८७५ मध्ये फ्रान्समधील झेनिथ या बलूनमधून तिघे जण उंच गेले. प्राणवायूच्या पिशव्या सोबत असूनही दोघे प्राणास मुकले. वाचलेल्या तिसांद्यिएने तेथे दुःख नव्हे, तर एक प्रकारचा आनंद वाटल्याचे लिहून ठेवले आहे.

ग्लेशर या प्रसंगानंतरही डगमगला नाही. काही वर्षांत त्याने एकंदर अठ्ठावीस उड्डाणे केली. १९०३ मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्याचे निधन झाले. आज उंच उडणारे वैमानिक प्राणवायूचे मुखवटे वापरतात. कमी दाबाच्या बंद खोलीत बसून स्वतःच्या गुंगीची लक्षणे ओळखण्याचे शिक्षणही त्यांना दिले जाते. काही दुखत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये, हे ग्लेशर व कॉक्सवेल यांनी प्राण पणास लावून जगाला दाखविले.