नटवर्य गणपतराव जोशी

मुलांनो, पुणे जिल्ह्यातील केंदूरसारख्या गावात जत्रेच्या दिवसांत मोकळ्या मैदानावर तमाशा रंगतो. लोक जमिनीवर बसून रात्री उशिरापर्यंत खेळ पाहतात. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येही असेच होते. राणी एलिझाबेथच्या काळात लंडनमधील मोठी नाटकगृहे वरून उघडी असत. दुपारच्या उजेडात नाटक चाले. गरीब लोक एक पेनी देऊन उभ्याने ते पाहत. अशा रंगमंचासाठी विल्यम शेक्सपिअरने नाटके लिहिली. ती मराठी प्रेक्षकांची आवडती करणारे थोर नट म्हणजे गणपतराव जोशी.

गणपतरावांचा जन्म 1867 साली कोकणात राजापूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. पण त्यांची वाणी स्पष्ट आणि आवाज भारदस्त होता. ते साताऱ्याच्या शाहूनगरवासी नाटक मंडळीत दाखल झाले. ही मंडळी 1881 साली स्थापन झाली होती.

तो काळ संगीत नाटकांचा होता. गाणी ऐकण्यासाठी लोक गर्दी करत. शाहूनगरवासी मंडळी मात्र गद्य नाटके करत असे. त्यांच्याजवळ गाणी नव्हती, ध्वनिवर्धकही नव्हते. केवळ बोलण्याच्या बळावर प्रेक्षकांना बसवून ठेवायचे होते. हे काम फार कठीण होते. गणपतरावांनी ते मेहनतीने करून दाखवले.

गोपाळ गणेश आगरकर यांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकावरून ‘विकारविलसित’ हे नाटक लिहिले. त्यातील चंद्रसेनाची भूमिका त्यांनी स्वतः गणपतरावांना समजावून दिली. गणपतरावांनी ती मन लावून शिकून घेतली. याच भूमिकेने त्यांचे नाव सर्वत्र झाले.

रडवणारा हा नट हसवण्यातही कमी नव्हता. प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकावरून ‘त्राटिका’ लिहिले. त्राटिका ही फार तापट मुलगी. तिच्याशी लग्न करणारा प्रतापराव तिच्याहून हट्टी! गणपतराव प्रतापराव झाले. त्या काळी स्त्रिया अशा मंडळ्यांत काम करत नसत, म्हणून बळवंतराव जोग त्राटिका झाले. दोघांचे भांडण पाहून प्रेक्षक पोट धरून हसत. बायकोला धाकात ठेवणे आज आपल्याला पटत नाही; पण दोघांच्या अभिनयाची आठवण पुढेही टिकून राहिली.

उर्दू रंगभूमीवरही आगा हश्र काश्मीरी यांनी शेक्सपिअरची नाटके आणली. चांगली कला एका भाषेत कोंडून राहत नाही, हेच यावरून दिसते.

1922 साली गणपतराव वारले. शिक्षण थोडे असले, तरी शब्द नीट समजून घेऊन तो मनापासून उच्चारला, तर तो ऐकणाऱ्याच्या हृदयापर्यंत पोहोचतो. नवी भाषा शिकणाऱ्या आपण सर्वांनी गणपतरावांकडून हे शिकले पाहिजे.

स्वाध्याय
1. लंडनची नाटकगृहे कशी होती?
2. शाहूनगरवासी मंडळीचे काम कठीण का होते?
3. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या नाटकाविषयी पाच वाक्ये लिहा.